चालकविरहित गाडीची नोंदवही: काय लिहायचं, किती दिवस ठेवायचं आणि किल्ली कोणाकडे द्यायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातली तुमची टीम एका जर्मन ग्राहकाच्या चालकविरहित शटलसाठी डेटा रेकॉर्डर लिहिते आहे. सेफ्टीवाले म्हणतात, सगळे कॅमेरे आणि लिडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) सतत साठवा, उद्या काही झालं तर पुरावा कुठून आणणार? ग्राहकाचा डेटा संरक्षण अधिकारी म्हणतो, रस्त्यावरच्या माणसाची ओळख पटेल असं काहीही साठवायचं नाही. आणि तुम्ही विचारता आहात की चेहरे आणि नंबरप्लेट धूसर करून सगळं सतत साठवलं, तर दोघांचंही समाधान होईल का?

मला हा मार्ग पटत नाही, आणि त्याची कारणं दोन्ही बाजूंना आहेत. चेहरा पुसला तरी चाल, कपडे, सोबतचा कुत्रा, रोज त्याच वेळी त्याच दारातून बाहेर पडणं हे सगळं राहतंच. तुमची शटल ठरलेल्या मार्गावर दिवसभर फेऱ्या मारणार, म्हणजे त्याच गल्लीचं महिनोन्महिने चित्रण होणार. तिथल्या रहिवाशाला ओळखायला चेहरा लागत नाही. दुसरीकडे, पादचाऱ्याने गाडीकडे पाहिलं होतं का, त्याची मान कुठे वळली होती, हे तपासात कधीकधी कळीचं ठरतं आणि नेमकं तेच तुम्ही पुसलेलं असतं. शिवाय न्यायालयात पहिला आक्षेप हाच येतो की चित्रात बदल करणाऱ्या सॉफ्टवेअरने आणखी काय काय बदललं ते कशावरून सांगणार.

मी बरीच वर्षं गाड्यांच्या रेकॉर्डर सॉफ्टवेअरवर काम करतो आहे. हा वाद जिथे जिथे पाहिला तिथे मूळ एकच होतं: एकाच रेकॉर्डिंगकडून तीन कामं करून घ्यायचा हट्ट. अपघात झाला तर काय घडलं ते सांगणं हे पहिलं काम. गाडी चालवणारं एआय मॉडेल सुधारण्यासाठी रस्त्यावरची दृश्यं गोळा करणं हे दुसरं. गाडी कुठे आहे, बॅटरी किती उरली, दार नीट लागलं का, हे रोजचं संचालन तिसरं. तिन्हींना लागणारा डेटा वेगळा, मुदत वेगळी, तो बघणारी माणसंही वेगळी. ‘सगळं साठवा’ ही मागणी बहुतेक वेळा दुसऱ्या कामाची असते, नाव मात्र पहिल्याचं घेतलेलं असतं. म्हणून पुढच्या बैठकीत आधी तीन वेगळे कागद करा आणि प्रत्येकावर लिहा, या नोंदीने कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

पहिल्या कामाबद्दल सविस्तर बोलतो, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, या प्रकरणाचे निष्कर्ष २०१९ मध्ये मांडले. गाडीच्या सेन्सरांनी तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपलं होतं. पण सॉफ्टवेअर तिला कधी वाहन, कधी ‘इतर’, कधी सायकल समजत राहिलं, आणि वर्ग बदलला की तिच्या आधीच्या हालचालीचा इतिहास बाजूला पडून मार्गाचा अंदाज पुन्हा शून्यापासून सुरू होत होता. पादचारी म्हणून तिला एकदाही ओळखलं गेलं नाही. धोका उमगला तेव्हा १.२ सेकंद उरले होते, आणि खोट्या इशाऱ्यांवर ब्रेक लागू नयेत म्हणून ठेवलेल्या एका सेकंदाच्या थांब्यात त्यातलाही बहुतेक वेळ गेला. गाडीतल्या ऑपरेटरची नजर त्या वेळी रस्त्यावर नव्हती.

यातली निर्णायक माहिती कोणती ते पाहा. कोणती वस्तू केव्हा दिसली, तिला कोणता वर्ग दिला, तिचा मार्ग काय धरला, नियोजकाने, म्हणजे गाडीची पुढची हालचाल ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरने, कोणता आदेश दिला, तो का रोखला. हे सगळं गाडीच्या डोक्यात काय चाललं होतं त्याबद्दल आहे. त्या महिलेचा चेहरा यात कुठेही लागत नाही. चालकविरहित गाडीच्या सुरक्षेचा सर्वांत मोलाचा पुरावा गाडीच्या स्वतःच्या निर्णयांचा असतो, आणि सुदैवाने खासगीपणाच्या दृष्टीने तोच सर्वांत कमी धोक्याचा. म्हणून वस्तूंची यादी, वर्ग, खात्रीची पातळी, अंदाजित मार्ग, दिलेले आणि रोखलेले आदेश, सॉफ्टवेअर व नकाशाची आवृत्ती, सेन्सरांची प्रकृती एवढं सतत नोंदवा. हा डेटा आकारानेही छोटा असतो.

नेहमीच्या गाड्यांमधल्या ईडीआरवर, म्हणजे एअरबॅगच्या कंट्रोलरमधल्या त्या छोट्या नोंदयंत्रावर, विसंबून चालणार नाही. ते पारंपरिकपणे धडकेआधीची पाच सेकंद ठेवतं: वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, सीटबेल्ट वगैरे. टेम्पीतली गोष्ट ५.६ सेकंदांवर सुरू होते, म्हणजे तिचा आरंभच त्या चौकटीबाहेर राहतो. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ही चौकट २० सेकंदांपर्यंत आणि सेकंदाला दहा नोंदींपर्यंत वाढवण्याचा नियम केला, तरी त्यात गाडीची विचारप्रक्रिया येत नाही.

आता ट्रिगर, म्हणजे ज्या घटनेने नोंद पक्की होते ती अट. तुमच्या टीमने ईडीआरची अट जशीच्या तशी उचलली असेल, तर आजच बदला. ती अट साधारण अशी की १५० मिलिसेकंदांत गाडीच्या वेगात ताशी ८ किलोमीटर बदल झाला तर नोंद पक्की करायची. गाडी गाडीवर आदळली तर हे ठीक आहे. तुमची शटल समजा तीन टनांची आहे, ताशी २० किलोमीटरने चालली आहे आणि ७० किलोच्या माणसाला तिने धडक दिली. संवेगाचं साधं गणित करा: धडकेमुळे शटलच्या वेगात पडणारा फरक ताशी अर्धा किलोमीटरही भरत नाही. माणूस गंभीर जखमी होईल आणि रेकॉर्डरच्या लेखी काहीच घडलेलं नसेल. संयुक्त राष्ट्रांच्या ईडीआर नियमात पादचारी संरक्षण यंत्रणा उघडणं हाही ट्रिगर धरला आहे, पण तशी यंत्रणा तुमच्या शटलमध्ये असेलच असं नाही. म्हणून बंपरवरची स्पर्शपट्टी, आपत्कालीन ब्रेक, प्रवाशाने दाबलेलं लाल बटण, दुरून लक्ष ठेवणाऱ्या ऑपरेटरचा हस्तक्षेप, आणि मार्गात असलेली वस्तू अचानक ‘नाहीशी’ होणं, हे सगळे ट्रिगर हवेत.

प्रत्येक नवा ट्रिगर म्हणजे आणखी काही अनोळखी माणसांचं चित्रण, हेही खरं. त्यावर मी वापरतो ती पद्धत दोन पायऱ्यांची आहे. कच्ची चित्रं फक्त रॅममधल्या रिंग बफरमध्ये (जुन्यावर नवं लिहीत राहणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत) फिरत राहतात आणि ३० सेकंदांनी आपोआप पुसली जातात. नुसता जोरात ब्रेक लागला किंवा टक्कर थोडक्यात टळली, तर फक्त निर्णयांची नोंद पक्की होते. स्पर्श झाला किंवा झाल्याची शंका असली, तरच कच्ची चित्रं कायम स्मृतीत जातात, धूसर न करता पण कूटबद्ध करून. कच्चं चित्र पूर्णपणे टाळता येत नाही. गाडीने माणसाला खांब समजलं असेल, तर निर्णयांच्या नोंदीतही खांबच दिसणार. तो माणूस होता हे सांगायला मूळ दृश्यच लागतं. आणि धडकेत मुख्य वीजपुरवठा तुटला तरी बफर लिहून पूर्ण होईल एवढी ऊर्जा कपॅसिटरमध्ये ठेवा. हे हार्डवेअरवाल्यांना शेवटी सांगितलं तर बोर्डावर जागा उरलेली नसते.

नोंद कधी थांबवायची याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माणसाने चालवलेल्या एका गाडीच्या धडकेने एक महिला क्रूझ कंपनीच्या रोबोटॅक्सीसमोर फेकली गेली. रोबोटॅक्सीची तिला धडक बसली, गाडी थांबली, आणि मग बाजूला जाऊन उभं राहायचं म्हणून पुन्हा निघाली. त्यात ती महिला गाडीखाली सुमारे २० फूट फरफटत गेली. ‘गाडी थांबली, नोंद संपली’ असा नियम असता तर सर्वांत भयंकर भागच नोंदीबाहेर राहिला असता. तुमच्या रेकॉर्डरने पहिल्या थांब्यानंतरही लिहीत राहावं आणि माणसाने घटना बंद केल्याशिवाय थांबू नये. कमाल मर्यादा ठेवा, पण ती मिनिटांत असू द्या.

त्याच प्रकरणाचा पुढचा भाग खासगीपणाइतकाच महत्त्वाचा आहे. क्रूझकडे संपूर्ण चित्रण होतं, पण नियामकांना दिलेल्या सुरुवातीच्या अहवालात फरफटीचा उल्लेख नव्हता. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने त्याच महिन्यात परवाने निलंबित केले, आणि २०२४ मध्ये कंपनीने खोटा अहवाल दिल्याचं मान्य करून दंड भरला. नोंद उत्तम असूनही ती एकाच पक्षाच्या हाती असेल, तर त्यातलं किती बाहेर येणार हे त्या पक्षाच्या मर्जीवर राहतं. त्यामुळे ‘किल्ली कोणाकडे’ हा प्रश्न सुरक्षेचाही आहे आणि खासगीपणाचाही, आणि दोन्हीकडे उत्तर एकच येतं.

मी सुचवतो ती रचना अशी. गाडीत फक्त कूटबद्ध करण्याची सार्वजनिक किल्ली असावी, म्हणजे असा सांकेतिक कोड जो नोंद कुलूपबंद करतो पण उघडू शकत नाही. गाडी चोरली, उघडली तरी जुनी नोंद वाचता येऊ नये. उघडण्याची खासगी किल्ली दोन भागांत: एक सुरक्षा विभागाकडे, दुसरा डेटा संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा त्याहून बरं म्हणजे बाहेरच्या विश्वस्ताकडे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय चित्र दिसणार नाही, आणि प्रत्येक वेळी कोणी, का, कोणता भाग पाहिला याची न पुसता येणारी नोंद होईल. प्रत्येक तुकड्याचा हॅश (आशयावरून गणिताने काढलेला ठसा) पुढच्या तुकड्यात गुंफा, म्हणजे मधलं पान फाडलं तर कळेल. मग मुदत संपल्यावर पुसायचं कसं, असा प्रश्न मला नेहमी येतो. प्रत्येक घटनेला वेगळी किल्ली द्या आणि पुसायची वेळ आली की ती किल्ली नष्ट करा. साखळी शाबूत राहते, ‘इथे एक घटना होती, अमुक दिवशी नियमानुसार नष्ट केली’ हे दिसतं, आशय मात्र कोणालाच मिळत नाही.

पोलीस मागणी करतील तेव्हाही हीच रचना कामाला येते. सॅन फ्रान्सिस्कोत रोबोटॅक्सींशी अजिबात संबंध नसलेल्या गुन्ह्यांच्या तपासासाठीही त्यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मागितलं गेलं आहे. रस्त्याचं सतत चित्रण साठवलं की तुमची शटल आपोआप फिरता सीसीटीव्ही बनते. ३० सेकंदांत पुसलं जाणारं चित्र मागूनही देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे तुम्ही प्रामाणिकपणे सांगू शकता.

इथवरचं एकदा जुळवून घ्या: निर्णय सतत, कच्ची चित्रं फक्त स्पर्शाच्या घटनेत, शेवट माणूस ठरवणार, किल्ली दोघांकडे. आता दोन गोष्टी, ज्यांवर टीम चेहऱ्यांपेक्षा फार कमी बोलतात.

पहिली म्हणजे स्थान. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात १५ लाख लोकांचा मोबाइलच्या स्थानांचा डेटा तपासला होता. स्थळ आणि वेळ यांचे चार बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळं काढायला पुरले. नाव काढून टाकल्याने इथे काहीच साधत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांचा डेटा क्लाउडवर उघडा पडल्याचं समोर आलं, आणि त्यातल्या लाखो गाड्यांची ठिकाणं काही सेंटिमीटरच्या अचूकतेने त्यात होती. एवढा बारीक माग महिनोन्महिने एका जागी ठेवण्याची सुरक्षेला काहीच गरज नव्हती. अपघाताच्या नोंदीत घटनेच्या आसपासची काही मीटरांची स्थिती अचूक हवीच, पण प्रवास कुठून सुरू झाला आणि कुठे संपला हे तिथे नको. तुमच्या शटलचा मार्ग तर जाहीर आहे, त्यामुळे गाडीचं स्थान गुपित नाही. धोका आहे तो तिकिटाच्या ॲपवरचा ग्राहक क्रमांक आणि चढण्या-उतरण्याची वेळ एकत्र येण्याचा. रेकॉर्डरला ॲपचा क्रमांक कळूच देऊ नका. खासगी गाडी असती तर मी स्थानाबद्दल याहून कितीतरी कडक राहिलो असतो.

दुसरी गोष्ट हॅश. ‘नंबरप्लेट हॅश करून ठेवतो, म्हणजे निनावी झाली’ हे मी अजूनही डिझाइनच्या कागदांत वाचतो. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या १७ कोटींहून जास्त फेऱ्यांचा डेटा टॅक्सी क्रमांक असेच हॅश करून दिला गेला होता, आणि शक्य ते सगळे क्रमांक हॅश करून पाहत ते थोड्याच वेळात उलगडले गेले. आपल्याकडचंच गणित करा: एमएच, मग आरटीओचे पन्नासएक संकेतांक, दोन अक्षरं, चार अंक. सगळे मिळून सुमारे ३४ कोटी शक्यता. साधा लॅपटॉपसुद्धा काही मिनिटांत एवढे हॅश काढतो. जर्मन प्लेटचंही वेगळं नाही. अपघाताच्या सीलबंद नोंदीबाहेर नंबरप्लेट वाचूच नका.

केबिनमधला कॅमेरा हा वेगळा विषय, आणि इथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. चाचणीच्या काळात गाडीत सेफ्टी ऑपरेटर असेल तर त्याची नजर कुठे होती हे टेम्पीनंतर टाळता येणार नाही. त्यासाठी नजरेची दिशा आणि हात कुठे आहेत एवढा काढलेला डेटा सतत ठेवा, चित्र फक्त घटनेच्या वेळी. तो कर्मचारी आहे, त्याला हे आधी लेखी कळायला हवं आणि ही नोंद हजेरी किंवा कामाच्या मूल्यमापनासाठी वापरायची नाही हेही ठरायला हवं. प्रवाशांचा आवाज मात्र नोंदवू नका. अपघाताच्या तपासात त्याचा उपयोग नगण्य आणि घुसखोरी सर्वांत मोठी.

कायद्याच्या बाबतीत तुमच्या ग्राहकाच्या वकिलाचं मत अंतिम धरा, पण दिशा कळावी म्हणून सांगतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या वाहन सुरक्षा नियमांनुसार ईडीआरमध्ये गाडीच्या ओळख क्रमांकाचे शेवटचे चार अंकही ठेवायला बंदी आहे. लेन सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५७ आहे, त्यातलं नोंदयंत्र यंत्रणा केव्हा सुरू झाली, केव्हा बंद झाली, चालकाला ताबा घ्यायला केव्हा सांगितलं, अशा घटना वेळेसह ठेवतं. किमान २५०० नोंदींची जागा मागतं, स्थान मागत नाही. पण जर्मनीचा २०२१ चा कायदा चालकाविना चालणाऱ्या वाहनांच्या धारकाकडून स्थानासह बराच तपशील मागतो, तोही ठरावीक प्रसंगी: अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात, तांत्रिक पर्यवेक्षकाचा हस्तक्षेप, अनियोजित लेनबदल, बिघाड. म्हणजे घटनेनुसार नोंद ही कल्पना कायद्यातच आहे. मुदतीसाठी मी चालक असलेल्या स्वयंचलित गाड्यांच्या जर्मन नियमाकडे बघतो: सहा महिने, अपघात असेल तर तीन वर्षं. तुमची शटल कोणत्या वर्गात मोडते आणि चाचणी परवान्यात काय अटी आहेत, यावर हे आकडे बदलतील. खोटा ट्रिगर निघाला तर कच्चं चित्र काही दिवसांतच नष्ट करा. त्यासाठी सहा महिने थांबायचं कारण नाही.

राहिलं दुसरं काम, म्हणजे मॉडेलसाठी दृश्यं गोळा करणं. ते रेकॉर्डरमधून काढून पूर्ण वेगळ्या व्यवस्थेत न्या: ठरावीक चाचणी गाड्या, ठरावीक दिवस, गाडीवर ठळक कॅमेऱ्याचं चिन्ह आणि माहितीचा क्यूआर कोड. धूसर करण्याची योग्य जागा ही आहे, तीही चित्र जर्मनीतून निघण्याआधी. कारण भारताला युरोपीय संघाचा पुरेशा संरक्षणाचा दर्जा मिळालेला नाही, आणि पुण्यातून नुसतं स्क्रीनवर पाहणं हेही तिथे हस्तांतरणच मानलं जातं. ग्राहकाबरोबर प्रमाणित करारकलमं (डेटा युरोपबाहेर देण्यासाठी युरोपीय संघाने ठरवून दिलेली कलमं) झाली आहेत का ते विचारा. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात परदेशातल्या लोकांच्या डेटावर परदेशी कराराखाली होणाऱ्या कामाला बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, पण डेटा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्यातून सुटत नाही. ॲनोटेशन करणाऱ्या, म्हणजे चित्रातल्या वस्तूंवर खुणा करून नावं देणाऱ्या, मुलामुलींना ठिकाण आणि वेळ दिसणार नाही अशीच फाइल द्या. टेस्लाच्या काही कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या गाड्यांमधली चित्रं आपापसांत फिरवल्याची बातमी रॉयटर्सने २०२३ मध्ये दिली होती. बाहेरच्या हल्लेखोराइतकाच आतल्या सहज कुतूहलाचा विचार करावा लागतो.

हे सगळं मान्य झालं तरी गाडी रस्त्यावर उतरवण्याआधी एक चाचणी कराच, आणि तिच्या तारखेला सेफ्टीवाले व डेटा संरक्षण अधिकारी दोघांनाही बोलवा. बंद ट्रॅकवर बाहुला ठेवून हळू वेगाने धडक घडवा. मग या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या इंजिनिअरला फक्त सीलबंद नोंद द्या आणि काय घडलं ते सेकंदानुसार लिहायला सांगा. त्याच वेळी दुसऱ्या एका माणसाला आठवडाभराचा सतत नोंदवलेला निर्णयांचा डेटा द्या आणि त्यातून रस्त्यावरची एक तरी व्यक्ती शोधून दाखवायला सांगा. पहिल्याला जे सांगता आलं नाही ते नोंदीत वाढवा, दुसऱ्याला जे सापडलं ते काढा, आणि दोघांचे अहवाल जोडून मगच परवान्याचा अर्ज पुढे पाठवा.